साहेबांविरुद्ध तक्रार करायची असेल तर

इंदूरच्या काही कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर, म्हणजे ऑफिसातल्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समित्यांवर, मी बाहेरची सदस्य म्हणून काम करते. त्याआधी बरीच वर्षं बँकेत होते आणि युनियनचं काम करत होते. त्यामुळे लोकमान्य नगर, सुदामा नगर, रामबाग इकडच्या मराठी घरांतल्या मुली ओळखीपाळखीने माझ्यापर्यंत येतात. कुणाची सून, कुणाची भाची. चैत्राच्या हळदीकुंकवात एखादी मला बाजूला घेते आणि हळूच विचारते, "काकू, तक्रार केली तर नोकरी जाईल का हो?"

आपल्याला होतोय तो त्रास आहे, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. ते तिला पहिल्या दिवसापासून कळलेलं असतं. तिला भीती असते ती पुढची. लांबची बदली, अचानक खराब झालेला रिपोर्ट, मीटिंगमधून गायब झालेलं नाव, आणि "तुम्हीच राजीनामा दिलात तर बरं" असं गोड बोलणं. म्हणून हे सगळं मी त्या पुढच्या भागावर नजर ठेवून लिहिते आहे. तक्रार अशी करायची, की उद्या कुणी सूड उगवायला गेलंच तर तो सूड आहे हे कागदावर आपोआप दिसावं.

इंदूरमध्येच घडलेलं एक प्रकरण आधी सांगते, कारण ते प्रत्येक नोकरदार बाईला माहीत असायला हवं. पंजाब अँड सिंध बँकेच्या इंदूर शाखेत एक महिला मुख्य व्यवस्थापक होत्या. दारू ठेकेदारांच्या खात्यांतल्या गैरप्रकारांबद्दल त्यांनी वरिष्ठांना लेखी कळवलं होतं, आणि झोनल मॅनेजरकडून लैंगिक छळ होत असल्याची त्यांची तक्रार होती. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांची बदली झाली जबलपूर जिल्ह्यातल्या सरसावा शाखेत. बाई चौथ्या श्रेणीच्या अधिकारी, आणि ती शाखा पहिल्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या अधिकाऱ्याने सांभाळायची. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने बदली रद्द केली. बँक सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २५ फेब्रुवारी २०२० रोजी तिथेही हरली. बाईंना इंदूर शाखेत परत घ्या, वर्षभर तरी तिथेच ठेवा आणि खर्चापोटी ५०,००० रुपये द्या, असा आदेश झाला. बँकेच्या समितीवर 'स्वतंत्र' म्हणून नेमलेल्या सदस्य बँकेच्याच वकिलांच्या यादीतल्या होत्या, यावरही न्यायालयाने बोट ठेवलं.

बदली हा नोकरीचा भाग आहे हे न्यायालयानेही मान्य केलं होतं. मग बाई जिंकल्या कशावर? त्यांनी आधी लिहिलेली पत्रं होती. त्या पत्रांच्या तारखा आणि बदलीची तारीख शेजारी ठेवता येत होती. आणि त्यांचं पद कुठलं, नेमणूक कुठे, यातली तफावत डोळ्यांत भरणारी होती. असा कागद हातात असणं, एवढ्यासाठीच पुढची सगळी खटपट.

वहीपासून सुरुवात

तक्रार करायची की नाही हे अजून ठरलं नसेल, तरी आज एक वही घ्या. ऑफिसची डायरी नको, ऑफिसचा लॅपटॉप तर नकोच, तो एका फोनसरशी काढून घेतात. घरची साधी वही. त्यात पुढच्यासारखं लिहायचं:

"११ जून, बुधवार, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. तिसरा मजला, छोटी मीटिंग रूम. रिव्ह्यू संपल्यावर बाकीचे उठले, मला थांबायला सांगितलं. दार लावलं. 'प्रमोशन तो मेरे हाथ में है, एक बार डिनर पे चलो, सब ठीक हो जाएगा' असं म्हणाले आणि खांद्यावर हात ठेवला. मी हात बाजूला केला, 'सर, मुझे ये पसंद नहीं' म्हटलं आणि बाहेर आले. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, काय झालं. तिला म्हटलं डोकं दुखतंय. सहा बावन्नला ताईला व्हॉट्सअ‍ॅप केलं."

साहेब हिंदीत बोलले असतील तर त्यांचे शब्द हिंदीतच लिहा. "अश्लील बोलले" असं एका शब्दात उरकू नका. लाज वाटते, मला ठाऊक आहे. पण समितीपुढे बसल्यावर "अश्लील म्हणजे नक्की काय?" असं विचारलं जातं, आणि चार महिन्यांनी आठवून सांगितलेल्या वाक्यापेक्षा त्याच रात्री लिहिलेलं वाक्य कितीतरी खरं वाटतं. रिसेप्शनवरच्या मुलीने काही ऐकलं नसेल, तरी तुम्ही कशा चेहऱ्याने बाहेर आलात हे तिने पाहिलं. तीही साक्षीदार आहे. बंद दाराआड झालेल्या गोष्टीला साक्षीदार नसतो असं समजून बायका गप्प बसतात, पण समिती आजूबाजूच्या गोष्टी जोडूनच निष्कर्षावर येते. ताईला त्याच संध्याकाळी केलेला मेसेज हा मी पाहिलेल्या सगळ्यात उपयोगी पुराव्यांपैकी एक आहे.

मेसेज, कॉलची नोंद, फोटो यांचे स्क्रीनशॉट काढा, पण मूळ चॅट पुसू नका आणि तो फोन विकू नका. स्क्रीनशॉटवर शंका घेता येते, मूळ फोन दाखवल्यावर ती टिकत नाही.

आणि एक गठ्ठा वेगळा करा, जो बहुतेक जणी करत नाहीत: तुमच्या चांगल्या कामाचा. नेमणूकपत्र, मागच्या दोन-तीन वर्षांचे वार्षिक रिपोर्ट, पगारवाढीची पत्रं, "वेल डन" म्हणणारी साहेबांचीच ईमेल, हजेरीची नोंद. तक्रारीनंतर "हिचं कामच मुळात नीट नव्हतं" हे वाक्य येणारच. मार्चमध्ये वाढ दिली, जूनमध्ये तक्रार झाली आणि ऑगस्टमध्ये बाई निकम्मी ठरली, हे त्या तीन कागदांवरून कुणालाही दिसतं. मात्र ग्राहकांची माहिती, कंपनीचे हिशेब, गोपनीय फायली घरी नेऊ नका. त्यावरून उलट तुमच्यावरच कारवाई सुरू करायची संधी मिळते. जे कागद तुमच्याबद्दलचे आहेत तेवढेच.

मुदत तीन महिन्यांची

लैंगिक छळाचा कायदा २०१३ चा. त्याच्या आधी १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आहे, आणि त्या निकालामागे राजस्थानात बालविवाह थांबवायला गेलेल्या भंवरीदेवींवर झालेला अत्याचार. या कायद्यात तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी करायची असते. त्रास वारंवार होत असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. समितीला कारण पटलं तर ती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, पण कारण लेखी नोंदवून. उशीर झालाच असेल तर तक्रारीत पहिल्यांदा उशिराचं कारण लिहा: आजारपण, धमकी, नोकरी कायम होण्याची वाट, घरातलं काही. "हिंमत होत नव्हती" हेही कारण आहे, ते मोकळेपणाने लिहा.

लिहिता येत नसेल, म्हणजे हाऊसकीपिंगच्या, कँटीनच्या बायकांना, तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीच्या अध्यक्षांचं कर्तव्य आहे. आणि हो, ठेकेदाराकडून आलेल्या, रोजंदारीच्या, शिकाऊ, विनापगार काम करणाऱ्या, सगळ्या या कायद्यात येतात. "तू आमची एम्प्लॉयी नाहीस" हे उत्तर चालत नाही.

तक्रार द्यायची कुठे

दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांतले, एक बाहेरची, आणि निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत. समितीची नावं ऑफिसात सहज दिसतील अशा जागी लावायची असतात. लावलेली नसतील तर एच.आर.ला एका ओळीचं ईमेल टाका, "अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं कळवावीत." समिती नाहीच असं निघालं तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि पुन्हा तसंच केलं तर दुप्पट दंड, परवाना रद्द होण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा त्रास देणारा स्वतः मालकच असेल, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. राजवाड्याजवळच्या साड्यांच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीला, डॉक्टरांच्या छोट्या क्लिनिकमधल्या रिसेप्शनिस्टला, घरकाम करणाऱ्या मावशींना हाच रस्ता. इंदूर जिल्ह्यासाठी मोती तबेल्याच्या कलेक्टर कार्यालयात किंवा महिला व बालविकास विभागात चौकशी करा.

पीथमपूरला नोकरी असेल तर मात्र लक्षात ठेवा, राहता तुम्ही इंदुरात पण कारखाना धार जिल्ह्यात आहे. स्थानिक समिती धारची. राजेंद्र नगरहून, राऊहून पीथमपूरला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये काही घडलं, तर ती बसही कामाची जागाच धरली जाते. "ते गेटच्या बाहेर झालं" म्हणून हात झटकता येत नाहीत. बाहेरगावचा दौरा, हॉटेल, क्लायंटचं ऑफिस, ऑफिसची पार्टी, सगळ्याला हेच लागू.

ऑनलाइन द्यायची तर केंद्र सरकारचं शी-बॉक्स पोर्टल आहे. तिथली तक्रार संबंधित समितीकडे पाठवली जाते.

तक्रारीचा कागद

साधं लिहा. वकिली भाषा नको, शिव्याशाप नकोत. हिंदीत लिहायचं तर हिंदीत, इंग्रजीत तर इंग्रजीत, ज्या भाषेत तुम्हाला नेमकं सांगता येतं त्या भाषेत. घटना तारखेच्या क्रमाने, प्रत्येक घटनेचा वेगळा परिच्छेद. साक्षीदारांची नावं-पत्ते आणि पुरावे जोडून सहा प्रती द्यायच्या, असा नियम आहे.

कागदात शेवटी मागण्या असाव्यात, आणि इथेच बहुतेकींचं काम अर्धवट राहतं. "योग्य ती कारवाई करावी" एवढंच लिहून त्या थांबतात. चौकशी चालू असताना काय हवं ते त्याच अर्जात मागा. कायद्याने समिती तीन गोष्टींची शिफारस करू शकते: तुमची किंवा त्याची बदली, तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत रजा (ही तुमच्या हक्काच्या रजेशिवायची), आणि त्याने तुमच्या कामाचा रिपोर्ट लिहू नये, ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याला द्यावं. ही तिसरी मागणी मी प्रत्येकीला करायला सांगते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हातात तुमचं वार्षिक मूल्यांकन राहिलं, तर सूड घ्यायला त्याला वेगळं काही करावंच लागत नाही. अर्जात असं लिहा:

"प्रतिवादी माझे थेट वरिष्ठ आहेत. चौकशी पूर्ण होईपर्यंत माझ्या कामाचे मूल्यांकन, रजामंजुरी आणि कामाचे वाटप त्यांच्याकडून काढून अन्य अधिकाऱ्याकडे द्यावे. या तक्रारीमुळे माझी बदली, पदावनती, वेतनकपात किंवा अन्य प्रतिकूल कारवाई होऊ नये, अशी विनंती आहे. माझे मागील तीन वर्षांचे मूल्यांकन सोबत जोडले आहे."

शेवटची ओळ सोडू नका. तुमच्या कामाची आजची स्थिती तक्रारीच्या दिवशीच समितीच्या फायलीत जाऊन बसते. नंतर कुणाला ती बदलता येत नाही.

बदलीची मागणी करायची तर शक्यतो त्याची मागा. तुम्हाला त्या मजल्यावर पाऊल टाकणंही सोसत नसेल तर तुमची स्वतःची मागा, त्यात कमीपणा नाही. पण तो निर्णय तुमचा असू दे, एच.आर.ने "तुझ्या भल्यासाठी" म्हणून लादलेला नको.

पोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडायचा नाही. आवक शाखेत द्या, तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. शिक्का नाही म्हणाले तर त्यांच्यासमोरच समितीच्या अध्यक्षांना ईमेल करा आणि रजिस्टर्ड पोस्टाने एक प्रत पाठवा. एका मुलीला एच.आर.च्या बाईंनी प्रेमाने जवळ बसवलं, पाणी दिलं, "मी बघते" म्हणून अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि दोन महिन्यांनी अर्जच आला नाही असं सांगितलं. तिच्याकडे पोच नव्हती, पण सुदैवाने तिने त्याच दुपारी नवऱ्याला अर्जाचा फोटो पाठवला होता. त्या फोटोवर आम्ही तारीख सिद्ध केली.

चौकशी

सात कामाच्या दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्याला जाते, त्याला उत्तरासाठी दहा कामाचे दिवस. सगळी चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल मालकाला आणि दोन्ही पक्षांना, आणि मालकाने ६० दिवसांत अंमलबजावणी. वकील कुणालाच आणता येत नाही, त्यालाही नाही. सुनावणीला अध्यक्ष धरून किमान तीन सदस्य हवेत. तुम्ही किंवा तो सलग तीन सुनावण्यांना कारणाशिवाय गैरहजर राहिलात तर एकतर्फी निर्णय होऊ शकतो, म्हणून आजारी असाल तर आधी लेखी कळवा.

त्याच्यासमोर बसायची भीती वाटत असेल तर प्रश्न लेखी, समितीमार्फत विचारले जावेत अशी विनंती करा. मी ज्या समित्यांवर आहे तिथे आम्ही हेच करतो. तुमच्या जबाबाच्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका. चुकीचं लिहिलं असेल तर सहीच्या वर तुमच्या हाताने दुरुस्ती लिहा. घाई केली तर "मी शांतपणे वाचते" एवढंच म्हणा.

समेट करा, असं कुणीतरी नक्की सुचवेल. समेट फक्त तुम्ही मागितलात तर होतो, आणि पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही. समितीने स्वतःहून सुचवणं मला तरी चुकीचं वाटतं. ज्या बाईने कशीबशी हिंमत गोळा करून कागद दिला, तिला पहिल्याच बैठकीत "मिटवून टाका" म्हणणं म्हणजे तिचं म्हणणं ऐकलंच नाही.

दुसरी भीती घालतात ती खोट्या तक्रारीची. कायद्यात खोट्या आणि द्वेषाने केलेल्या तक्रारीवर कारवाई आहे, हे खरं. पण त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय की केवळ सिद्ध करता आलं नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. त्यासाठी द्वेष वेगळा सिद्ध व्हावा लागतो, तोही चौकशी करून.

आणि गुप्तता. तक्रारदार, समोरचा, साक्षीदार, कुणाचंही नाव बाहेर जाहीर करायला मनाई आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, फेसबुकवर काही टाकू नका, कितीही राग आला तरी. घरच्यांशी, डॉक्टरांशी, वकिलाशी बोला.

सूड कसा येतो

"तू तक्रार केलीस म्हणून शिक्षा" असं कुणी कधी लिहून देत नाही. सूड नेहमीच्या कामकाजाच्या कपड्यांत येतो. परफॉर्मन्स सुधारण्याची योजना म्हणून अशक्य टार्गेटं येतात. वर्षानुवर्षं चालत असलेल्या उशिराबद्दल एकदम कारणे दाखवा नोटीस येते. प्रोजेक्ट काढून घेतात आणि मग "काय काम करता?" असं विचारतात. साक्ष देणाऱ्या मैत्रिणीची रात्रपाळी लागते. जुनं बिल उकरून अफरातफरीचा आरोप येतो.

प्रत्येक गोष्टीला त्याच आठवड्यात वेगळं लेखी उत्तर द्या. तोंडी धमकी आली तर त्याच दिवशी ईमेल करा, शांत भाषेत:

"आज दुपारी तीन वाजता आपल्या केबिनमध्ये झालेल्या बोलण्यात, समितीकडील तक्रार मागे घेतली नाही तर पुढील महिन्यापासून मला भोपाळला पाठवले जाईल असे आपण सांगितलेत. माझ्या समजण्यात काही चूक असल्यास कृपया कळवावे. तक्रार प्रलंबित असल्याने या ईमेलची प्रत समितीच्या अध्यक्षांना देत आहे."

याला बहुधा उत्तर येत नाही. नाही आलं तरी तुमचं काम झालं, त्या दिवशीचं बोलणं तारखेसकट नोंदलं गेलं. कारणे दाखवा नोटिशीला मात्र दिलेल्या मुदतीत उत्तर द्यायलाच हवं. मुद्देसूद, फक्त विचारलेल्या गोष्टींवर, आणि शेवटी एक वाक्य: "ही नोटीस दिनांक अमुकच्या माझ्या तक्रारीनंतर इतक्या दिवसांनी देण्यात आली आहे." आरडाओरडा नको. दिवसांचा आकडा लिहिला की पुरे.

बदलीचा आदेश आला तर लगेच निवेदन द्या, समितीला कळवा, आणि आदेश अमलात यायच्या आत वकिलाला भेटा. आदेश धुडकावून घरी बसलात तर गैरहजेरीचं नवं प्रकरण उभं राहतं. सरकारी किंवा सरकारी बँकेची नोकरी असेल तर उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात रिट याचिका करता येते. खासगी नोकरीत तुम्ही 'कामगार' या व्याख्येत बसत असाल तर श्रम विभागाचा रस्ता आहे. सूडबुद्धीने काढून टाकणं, धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूने बदली करणं, खोट्या प्रकरणात अडकवणं, या गोष्टी कामगार कायद्याने अनुचित प्रथांच्या यादीत घातल्या आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतही ही यादी आहे. मध्य प्रदेशचं श्रमायुक्त कार्यालय आपल्या इंदुरातच आहे, एम.जी. रोडवर. व्यवस्थापक, सुपरवायझर पदावरच्या बहुतेक जणी 'कामगार' धरल्या जात नाहीत, त्यांना नेमणूकपत्रातल्या अटींवर भांडावं लागतं. म्हणून ते पत्र आधीच काढून वाचा.

समितीचा अहवाल किंवा मालकाची कारवाई पटली नाही तर ९० दिवसांत अपील आहे. अहवालाची प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

राजीनामा

याबद्दल मी हट्टी आहे. रागाच्या भरात, रडत, एच.आर.च्या केबिनमध्ये बसून, त्यांनी टाइप करून दिलेल्या कागदावर सही करू नका. "घरी विचारून उद्या सांगते" म्हणा आणि उठा. राजीनामा दिला की सगळा भार तुमच्यावर येतो, की तो मनापासून नव्हता हे तुम्ही दाखवायचं.

ग्वाल्हेरचं एक प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखं आहे. तिथल्या एका अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश बाईंची २०१४ मध्ये, शाळेचं वर्ष चालू असताना, सीधीला बदली झाली. मुलगी बारावीत होती. त्यांची निवेदनं फेटाळली गेली आणि त्यांनी राजीनामा दिला. त्यांनी लैंगिक छळाचा आरोपही केला होता, तो स्वतंत्र चौकशीत सिद्ध झाला नाही. पण राजीनाम्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी २०२२ रोजी सांगितलं की तो स्वेच्छेचा धरता येणार नाही, आणि त्यांना सेवेत परत घ्यायला लावलं. सेवा अखंड धरली, मधल्या काळाचा पगार मात्र मिळाला नाही. कायदा जाणणाऱ्या, स्वतः न्यायाधीश असलेल्या बाईंना आपल्या जागेवर परत यायला साडेसात वर्षं लागली. माझ्या सुदामा नगरच्या मुलींना मी हेच सांगते की तुमची ती साडेसात वर्षं वाचवा, सही करू नका.

सोडायचंच असेल, प्रकृती साथ देत नसेल, तर राजीनाम्यात खरं कारण लिहा: "दिनांक अमुकच्या तक्रारीनंतर कामाच्या ठिकाणी राहणे अशक्य झाल्यामुळे." "वैयक्तिक कारणास्तव" हे दोन शब्द लिहू नका. नोकरी सोडल्यावर हिशेबाचे पैसे दोन कामाच्या दिवसांत द्यायचे, असं वेतन संहितेत आहे.

ज्यांना हा कायदा लागत नाही

पुरुष कर्मचाऱ्यांना २०१३ च्या कायद्याखाली तक्रार करता येत नाही. तुमच्या कंपनीचं धोरण सगळ्यांसाठी असेल तर त्याखाली करा, कित्येक कंपन्यांचं तसं असतं. शिवीगाळ, अपमान, एकटं पाडणं यांसाठी आपल्याकडे स्वतंत्र असा एक कायदा नाही, ही मोठी उणीव आहे. तरी कागद ठेवायची पद्धत तीच, आणि धमकी, मारहाण, जातीवरून अपमान असेल तर फौजदारी कायदे आणि अनुसूचित जाती-जमातींसाठीचा १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. अपंग कर्मचाऱ्यांसाठी २०१६ चा कायदा आहे. बाळंतपणाच्या रजेवर असताना नोकरीवरून काढणं बेकायदा आहे, हे तर प्रत्येक सासूलाही माहीत असावं.

पोलीस आणि वकील

समितीकडे तक्रार केली म्हणून पोलिसांकडे जाता येत नाही, असं नाही. दोन्ही एकाच वेळी चालतं, आणि तुम्हाला पोलिसांत जायचं असेल तर मदत करणं हे मालकाचं कर्तव्य आहे. भारतीय न्याय संहितेची कलमं ७४ ते ७९ या गुन्ह्यांची आहेत: अंगाला हात लावणं, लैंगिक छळ, चोरून पाहणं, पाठलाग, अश्लील शब्द आणि हावभाव. घटना कुठल्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेली असो, जवळच्या ठाण्यात एफ.आय.आर. नोंदवून घ्यावीच लागते, आणि तुमचा जबाब महिला पोलिसाने घ्यायचा असतो. समितीचे तीन महिने उलटून गेले, तरी हा रस्ता लगेच बंद होत नाही.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या किंवा १५१०० वर फोन करा. जाताना वही, तक्रारीची पोच घेतलेली प्रत, नेमणूकपत्र आणि तुमच्या चांगल्या कामाचा गठ्ठा सोबत न्या. आणि एकट्या जाऊ नका. आई, बहीण, शेजारीण, कुणीतरी बरोबर असू द्या. मी इंदुरात असेन तर मीही येते.